कमरेचा केशरी फुगा: धरणात पोहण्याच्या सरावाला टो-फ्लोट घ्यावा का?

सातारा-सांगलीतून ट्रायथलॉनकडे वळणारा गडी बहुतेक वेळा धावण्यातून आलेला असतो. यवतेश्वरचा घाट त्याच्या पायाखालचा असतो, सायकलही बरी चालते, घोडं अडतं ते पाण्यात. स्प्रिंट ट्रायथलॉनचं पोहणं ७५० मीटरच असतं, पुढे २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. २५ मीटरच्या तरण तलावात ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या, आणि त्या बहुतेकांना जमतात. पण ३० फेऱ्यांत भिंत २९ वेळा हाताला लागते आणि दर वेळी तिला रेटा देऊन चार-पाच मीटर फुकट पुढे जाता येतं. म्हणजे सव्वाशे मीटरच्या आसपास अंतर भिंतीनेच पोहून दिलेलं असतं. शिवाय वळताना मिळणारा श्वास आणि तळाची निळी रेघ. उघड्या पाण्यात यातलं काहीच नाही. अंतर तेच असूनही माणूस पहिल्या शंभर-दीडशे मीटरांत गांगरतो, त्याचं कारण हे.

मग खरेदी सुरू होते. वेटसूटचा, म्हणजे अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचा विचार आपल्याकडे सोडून दिलेला बरा. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांत वयोगटातल्या, म्हणजे हौशी, स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असलं तर वेटसूट घालताच येत नाही, आणि आपल्या भागातल्या शर्यतींत पाणी याहून थंड क्वचितच असतं. पंजाला लावायची पॅडल आणि पायातले फिन शर्यतीत चालत नाहीत. गॉगल आणि टोपी लागतेच. उरतो तो कमरेला बांधून मागे ओढत न्यायचा हवेचा फुगा, म्हणजे टो-फ्लोट. काही जण त्याला स्विम बॉय म्हणतात (बॉय म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण). हे परीक्षण त्याचं आहे. कनिष्ठ, मध्यम, उत्तम अशा कोणा एका कंपनीचं नाही, कारण बाजारातले बहुतेक फ्लोट एकाच घाटाचे असतात आणि बिघडतातही एकाच ठिकाणी.

आधी निकाल सांगून टाकतो: धरणाच्या किंवा तलावाच्या साचलेल्या पाण्यात घ्यावा, जरूर घ्यावा. नदीच्या वाहत्या पाण्यात त्याच्या भरवशावर उतरू नये. आणि ज्याला पोहता येत नाही त्याने तो बांधून खोल पाण्यात जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटच्या वाक्यावर थोडं अडून राहायला हवं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा नाहीतर दुधी भोपळा बांधायची जुनी रीत आहे. डबा अंगाला घट्ट असतो आणि अंग वर धरतो. टो-फ्लोट अंगाला नसतोच, तो पट्ट्याच्या टोकाला मागे तरंगतो. पोहणारा बेशुद्ध झाला तर त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवणं फ्लोटला जमत नाही. लाइफ जॅकेटसाठी आयएसओ १२४०२ हे मानक आहे, टो-फ्लोट त्यात बसत नाही, आणि प्रामाणिक उत्पादक तसा इशारा फ्लोटवरच छापतो. इशारा छापलेला नसेल तर तो फ्लोट घेऊ नका, एवढी साधी चाळणी लावली तरी बराच कचरा गळतो.

मग त्याचा उपयोग काय? दोन. होडीवाल्याला तुम्ही दिसता, आणि दम लागला तर धरायला काहीतरी असतं. पोहणाऱ्याचं डोकं पाण्यावर नारळाएवढंही दिसत नाही, त्यात काळी टोपी असली तर संपलंच. बामणोली-तापोळ्याकडे शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, मोटारीच्या लाँच सतत फिरतात. लाँच चालवणाऱ्याची नजर लांबच्या काठावर असते, पुढ्यातल्या पाण्यावर नसते. २० लिटरचा फुगलेला केशरी फ्लोट त्याला बऱ्याच आधी दिसतो. रंग केशरी किंवा झगझगीत गुलाबीच घ्या. पिवळा उन्हाळ्यात काठाच्या वाळल्या गवतात मिसळून जातो. पांढरा तर मुळीच नको, मासेमारीच्या जाळ्यांना थर्माकोलचे तुकडे आणि बाटल्या बांधलेल्या असतात आणि होडीवाला तुम्हालाही जाळ्याचीच खूण समजेल. सूर्य समोर खाली असताना मात्र कुठलाही रंग काळाच दिसतो. म्हणून फ्लोटच्या मुठीला एक शिट्टी बांधून ठेवावी, आत गोळी नसलेली. गोळीवाली भिजली की अडकते.

दुसरा उपयोग विसाव्याचा. पूर्ण फुगलेल्या २० लिटरच्या फ्लोटला पाण्याखाली दाबून धरायला साधारण २० किलोचा जोर लागतो. पाण्यात माणसाचं वजन नावापुरतंच उरतं, डोकं बाहेर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. म्हणजे ९० किलोचा माणूसही फ्लोट छातीशी धरून निवांत थांबू शकतो. २८ लिटरचा मोठा फ्लोट यासाठी लागत नाही, तो वाऱ्यात जास्त त्रास देतो.

आता विकत घेताना काय बघायचं. सगळ्यात आधी कप्पे. हवेचे दोन स्वतंत्र कप्पे आणि दोन झडपा असलेलाच घ्या. एक कप्पा बाभळीच्या काट्याने फुटला तरी दुसरा धरतो. सामान ठेवायची पिशवी असलेल्या फ्लोटमध्ये बऱ्याचदा फसगत होते: हवेचा कप्पा एकच असतो आणि पिशवीत गुंडाळून बंद केलेली हवा हा ‘दुसरा कप्पा’ म्हणून खपवला जातो. पिशवीचं तोंड सैल गुंडाळलं की तो गेला. विक्रीच्या फोटोत झडपा मोजा, भांडण तिथेच मिटतं.

मग कापड. साधं पीव्हीसी स्वस्त असतं, पण उन्हात कडक होतं आणि घडीवर चिरतं. टीपीयूचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा लेप दिलेलं नायलॉन महाग पडतं, पण घडी सोसतं. आठवड्यातून एकदा पोहणाऱ्याला पीव्हीसी एक-दोन हंगाम पुरेल, तीनदा जाणाऱ्याने नायलॉनच घ्यावं. किमतीचा अंदाज असा ठेवा: गॉगलच्या चांगल्या जोडीपेक्षा जास्त पैसे फ्लोटमध्ये घालायचं कारण नाही. दोन्हींतलं एकच परवडणार असेल तर आधी गॉगल, आणि सराव काठाला समांतर, उभं राहता येईल अशा पाण्यात.

कमरेचा पट्टा आणि फ्लोटला जोडणारी दोरी, सगळी रड इथे आहे. पट्टा २५ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर कातडी सोलतो. तो श्वास सोडून आवळावा, पोट आत घेऊन नव्हे, आणि बेंबीच्या खाली, हाडावर बसवावा. वर बांधला तर दहा मिनिटांत बरगड्यांखाली सरकतो आणि श्वास पुरेनासा होतो. नवखा माणूस त्याला घाबरणं समजतो, असतो तो पट्टा. बकल पोटावर पुढे हवं आणि एका हाताने, न बघता सुटायला हवं. गुडघाभर पाण्यात उभं राहून डोळे मिटून दहा वेळा सोडून बघा, दोन्ही हातांनी. स्वस्त बकलात गाळाची रेती गेली की ते दाबलं जात नाही, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुवावं.

दोरी कमी-जास्त करता येणारी हवी. ठरावीक लांबीची शिवलेली दोरी हा या वस्तूतला सगळ्यात मोठा दोष आहे आणि तो बऱ्याच फ्लोटमध्ये असतो. फ्रीस्टाइल मारणाऱ्यासाठी फ्लोटची पुढची कड गुडघ्याच्या जवळपास यावी, म्हणजे दोरी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर. त्याहून आखूड झाली तर मांडीजवळून बाहेर येणारा हात दर वेळी फ्लोटवर आपटतो आणि माणूस नकळत हात अर्धवट ओढायला लागतो. पुढे हीच खोड शर्यतीत राहते. पाय जोरात मारणाऱ्याने उलट करावं, दोरी लांबवून फ्लोट तळपायांच्याही मागे सोडावा. मधली लांबी सगळ्यात वाईट, त्यात टाचा फ्लोटला खालून ठोकत राहतात.

नदीत आणि विहिरीत शिकलेल्यांची पंचाईत वेगळी. त्यांचं पोहणं बेडकाचं, मान वर काढून. बेडूकपाय मारताना लांब दोरी दोन्ही पायांमध्ये येते आणि घोट्याला वेढा बसतो. त्यांनी दोरी इतकी आखूड ठेवावी की फ्लोट कमरेवरच तरंगेल. आणि दोरी पट्ट्याला पाठीच्या मधोमध जोडलेली असावी. बाजूला सरकली की दर चार-सहा हातांनी तुम्ही थोडे त्या बाजूला वळता, आणि मग लोक म्हणतात की आपल्याला सरळ पोहताच येत नाही.

फुगवण्याबद्दल थोडंसंच. फ्लोट टणक फुगवावा. अर्धवट फुगलेला पाण्यात बसतो आणि ओढ लागते, पूर्ण फुगलेला पाण्यावरून सरकतो आणि मागे आहे हेही जाणवत नाही. तोंडाने भरलेली हवा गरम असते, थंड पाण्यात ती आकसते, म्हणून पाच मिनिटांनी फ्लोट जरा मऊ लागला की लगेच गळती समजू नये, दोन फुंका वाढवाव्यात. उलट, फुगवलेला फ्लोट दुचाकीच्या सीटवर उन्हात ठेवून चहाला जाऊ नये. आतली हवा फुगते आणि जोड उसवतो. नव्या फ्लोटची परीक्षा पंक्चरवाल्यासारखी घ्यावी: रात्रभर फुगवून ठेवायचा, सकाळी जोडांवर आणि झडपांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर परत पाठवायचा. घरी दुरुस्ती करताना सायकलच्या पंक्चर किटमधलं सोल्युशन वापरू नका. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर धरत नाही. पीव्हीसीचा वेगळा पॅच आणि त्याचाच गोंद लागतो.

सामानाच्या पिशवीबद्दल जाहिरातीत फार बोललं जातं. तोंड किमान तीन वेळा घट्ट गुंडाळून बकल लावलं तर शिंतोडे आत जात नाहीत, पण विसाव्याला फ्लोट दाबून धरला की थोडं पाणी जातंच. फोन आणि गाडीची किल्ली वेगळ्या झिपच्या पिशवीत घालूनच ठेवावी. बूट, पाण्याची बाटली असलं वजन भरलं की फ्लोट खाली बसतो आणि दिसण्याचा निम्मा फायदा जातो. एक गोष्ट मात्र खरोखर कामाची: जीपीएसचं घड्याळ मनगटावर दर हाताला पाण्याखाली जातं आणि उपग्रहाशी संपर्क तुटत राहतो, तेच फ्लोटमध्ये ठेवलं तर मार्गाची रेघ कितीतरी स्वच्छ येते. ७५० मीटरचा मार्ग आखून घड्याळात ८५० दिसले तर शंभर मीटर तुम्ही नागमोडी गेलात. दम वाढवण्याआधी ते शंभर मीटर वाचवा.

कारण फ्लोट दिशा दाखवत नाही. ते काम डोळ्यांचं. दर सहा ते दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढायचे, सुसरीसारखे, खूण पाहायची आणि मग मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. पाहणं आणि श्वास एकदम करायला गेलात तर डोकं पूर्ण वर येतं, कंबर बुडते आणि मागचा फ्लोटही दोरीला हिसका देतो. तो हिसका जाणवला की समजा मान जास्त उचलली. खूण म्हणून होडी धरू नये, ती हलते. उरमोडीच्या पाण्यात सज्जनगडाची कडा आहे, इतरत्र डोंगरातली खिंड, देवळाचा कळस, एकटं मोठं झाड. हिवाळ्यात धुकं उतरलं की डोंगर गायब होतो, तेव्हा काठावरची जवळची दुसरी खूण आधीच ठरवलेली असावी. जाताना पश्चिमेकडे तोंड ठेवून सुरुवात केली तर सकाळचा सूर्य पाठीशी राहतो, पण परत येताना तो थेट डोळ्यांत येतो, तिथे आरशाचा लेप असलेला गॉगल लागतो. दुपारकडे धरणावर वारा चढतो. वाऱ्यात फ्लोट शिडासारखा एका बाजूला ओढला जातो, आणि तुमची श्वासाची बाजू तीच असेल तर फ्लोटवरून उडालेलं पाणी तोंडात येतं. दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय तरण तलावातच लावून घ्या.

आता पाणी कुठलं, हा प्रश्न फ्लोटच्या परीक्षणात येणारच. कास तलाव सातारा शहराच्या पिण्याचा आहे, तिथे उतरण्याचा विचारही नको. कण्हेर, उरमोडी, धोम ही धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, कोयनेच्या जलाशयाला अभयारण्य लागून आहे. परवानगी विचारूनच जावं, आणि भिंतीजवळ, सांडव्याजवळ, पाणी सोडायच्या दारांजवळ कधीही नाही. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना सराव बंद. पाऊस संपल्यावर धरण भरलेलं असतं तेव्हा काठाजवळ बुडालेल्या बाभळी असतात, फ्लोटची दोरी त्यांच्या फांद्यांत अडकते आणि कप्पाही तिथेच फुटतो. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकतं आणि काठावर मांडीभर गाळ उघडा पडतो. पाण्यात उतरायची जागा हंगामाप्रमाणे बदलते, मागच्या महिन्याची जागा गृहीत धरू नका. पहाटे जाळी कुठे लावली आहेत हे मासेमारी करणाऱ्याला विचारा, त्याच्याइतकी माहिती कोणत्याही ॲपमध्ये नसते.

सांगलीकरांचा प्रश्न कृष्णेचा. घाटावर पोहण्याची परंपरा मोठी आहे, आयर्विन पुलावरून पुरात उड्या मारणाऱ्यांचं गाव ते. पण टो-फ्लोटच्या सरावासाठी नदी योग्य नाही. धारेत दोरी दगडाला, झुडपाला किंवा जलपर्णीच्या पुंजक्याला अडकली तर पाणी तुम्हाला पुढे ढकलतं आणि दोरी मागे धरून ठेवते. पट्टा सोडायला दोन-तीन सेकंदच मिळतात. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला ओढ आणि खाली भोवरा, तिथे फुगा काहीही करू शकत नाही. भिलवडी-औदुंबर-डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत, हे सांगलीत कोणाला नव्याने सांगायला नको. गळीत हंगामात पाण्याला वास येतो तो वेगळाच. सांगलीच्या मंडळींनी तरण तलावात सराव करून दोन-चार फेऱ्या साताऱ्याच्या धरणांकडे किंवा कोल्हापूरला राजाराम तलावाकडे कराव्यात, तिथे ट्रायथलॉनचं पोहणंही होतं. पेट्रोलचे पैसे जातील, पण सराव खरा होईल.

फ्लोट घेऊन सराव कसा चढवावा? पहिल्या दिवशी छातीभर पाण्यातच राहा. आधी तोंडावर, मानेवर पाणी मारा, मग चेहरा बुडवून पाण्यात लांब श्वास सोडा. थंड पाण्यात पहिली दोन मिनिटं श्वास आखडतो, तो आपोआप सुटतो, तोवर हात मारायची घाई करू नये. मग फ्लोट ओढून छातीशी घ्यायचा, पाठीवर व्हायचं, परत सोडून पोहायला लागायचं, हे न थांबता करता येईपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर काठापासून २०-३० मीटरवर, काठाला समांतर, १०० मीटरचे चार तुकडे, मध्ये फ्लोट धरून अर्धा मिनिट. ते जमलं की २०० चे तीन, मग ४०० चे दोन, मग सलग ७५०. सोबत दुसरा पोहणारा हवाच, आणि काठावर बसलेला एक जण, ज्याच्या हातात फोन आहे पण नजर फोनवर नाही. काठ सोडून आत जायचं तर होडी बरोबर घ्या. होडीकडे जाताना बाजूने जा, मागच्या पंख्याकडून नाही. मोटार चालू असताना दोरी पंख्यात जाऊ शकते. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा: ओढायचं झालं तर आधी फ्लोटची मूठ धरायची, माणसाचा हात नाही.

फ्लोटचा एक तोटा हळूहळू कळतो. तो मागे आहे या भरवशावर माणूस थांबत-थांबत पोहायला शिकतो. आणि वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांनी शर्यतीत तरंगण्याची साधनं चालत नाहीत. काही स्थानिक संयोजक उलट फ्लोट सक्तीचा करतात, म्हणून पत्रक नीट वाचा. फ्लोट नसला तरी नियम दयाळू आहेत: मार्गावरचा तरंगत्या खुणेचा बॉय किंवा थांबलेली होडी धरून विसावा घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. मदत हवी असेल तर हात वर करून हाक द्यायची. म्हणून शेवटचे दोन आठवडे होडी बरोबर ठेवून, काठाजवळ, फ्लोटशिवाय पोहा, आणि तिघे-चौघे खांद्याला खांदा लावून सुरुवात करायचा सराव करा. फ्लोट बांधून घोळक्याचा सराव होत नाही, एकाची दोरी दुसऱ्याच्या हातात येते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, झडपा उघड्या ठेवून सावलीत उलटा टांगायचा. तोंडाने भरलेल्या हवेतला ओलावा आत राहिला तर आठवड्यात काळ्या बुरशीचे ठिपके येतात आणि पुढच्या वेळी फुंकताना तो वास तोंडात जातो. पंप वापरला तर हा त्रास निम्मा होतो, बहुतेक फ्लोटच्या झडपेत पोहण्याच्या ट्यूबचा साधा हातपंप बसतो. घडी दर वेळी वेगळ्या जागी घालावी. व्हॅसलीन पट्ट्याखाली, काखेत आणि मानेवर लावायचं असेल तर गॉगल आधी चढवून मग लावा. त्याच बोटांनी काच पुसली तर धरण दिवसभर धुक्यात दिसेल.